दार ठोठावण्याआधी : माजी सैनिकांसोबत काम करणाऱ्या नव्या ख्रिस्ती चॅप्लेनसाठी

अमेरिकेतल्या व्हेटरन्सच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या, हॉस्पिटलात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक सोबत देणारी धर्मसेविका, म्हणून माझा पहिला आठवडा. यादीतल्या तिसऱ्या खोलीचं दार ढकललं आणि मी हसतमुखाने म्हणाले, "नमस्कार, मी चॅप्लेन." पलंगावरच्या आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला, रिमोट छातीशी धरला आणि विचारलं, "म्हणजे मी मरतोय? डॉक्टर तर काही बोलले नाहीत."

त्यांचा गुडघा बदलायचा होता, बस्स. पण त्यांच्या आयुष्यात चॅप्लेन दोनदाच दिसला होता. एकदा तुकडीतला मुलगा गेला तेव्हा, आणि एकदा भावाच्या दफनविधीला. माझ्या एका शब्दाने त्यांच्या नाडीचे ठोके वाढले आणि नर्सने माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून विसरलेले नाही.

अमेरिकेत सेमिनरीत पाळकाचं शिक्षण घेऊन किंवा मंडळीची, म्हणजे चर्चची, सेवा करता करता माजी सैनिकांच्या कामाकडे वळणारे मराठी ख्रिस्ती अधूनमधून भेटतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "स्वतःला सादर कसं करायचं?" माझं उत्तर थोडक्यात असं : हॉस्पिटलात माणसाला सुई, तपासणी, पथ्य, काहीही नाकारणं अवघड वाटतं. चॅप्लेनला मात्र तो सहज "नको" म्हणू शकतो. तुमची ओळख अशी हवी की त्याला हे "नको" सहज म्हणता यावं. पुढचं सगळं याच धाग्याने वाचा.

पहिली पायरी : आपण नेमके कोणते चॅप्लेन?

एकाच शब्दाखाली इथे चार-पाच तऱ्हेची माणसं वावरतात. सैन्यातला चॅप्लेन हा कमिशन मिळालेला अधिकारी असतो. त्याला हुद्दा असतो, गणवेश असतो, हत्यार मात्र नसतं. डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे व्हीएचा चॅप्लेन हा नागरी सरकारी कर्मचारी. त्याला हुद्दाही नाही आणि गणवेशही नाही. हॉस्पिसचा, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सेवेचा, चॅप्लेन बहुधा खासगी संस्थेचा. तिथेही माजी सैनिक पुष्कळ असतात, आणि २०१० पासून 'वी ऑनर व्हेटरन्स' या उपक्रमामुळे अनेक हॉस्पिसांनी त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यायला सुरुवात केली. अमेरिकन लीजन किंवा व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या माजी सैनिकांच्या संघटनांच्या स्थानिक पोस्टचा, म्हणजे शाखेचा, चॅप्लेन हा त्यांच्यातलाच एक सभासद असतो आणि तो दीक्षित पाळक असेलच असं नाही. शिवाय मंडळीतर्फे आठवड्यातून एक दुपार येणारे स्वयंसेवक असतात.

यातलं कोणतंही काम हलकं नाही. घोटाळा होतो तो एकाने दुसऱ्याची टोपी घातली की. "मी मिलिटरी चॅप्लेन आहे" असं व्हीएच्या किंवा हॉस्पिसच्या चॅप्लेनने म्हणू नये. समोरचा लगेच विचारतो, "कुठे होतात? कोणत्या साली?" आणि तुमची सेवा एका हॉस्पिसच्या व्हरांड्यात झालेली असते. मग ती भेट तिथेच संपते. या लोकांचा कान फार तिखट असतो. कोण खरंच तिथे होतं आणि कोण नुसतं ऐकून बोलतंय, हे त्यांना दोन वाक्यांत कळतं.

कायद्याचंही एक टोक आहे. पदकांबद्दल खोटं बोलणं हाच गुन्हा ठरवणारा २००५ चा कायदा सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये अभिव्यक्तीच्या मुद्द्यावर रद्द केला. २०१३ मध्ये नवा कायदा आला, त्यात पैसा, मालमत्ता किंवा इतर ठोस फायदा मिळवण्यासाठी पदकांचा खोटा दावा करणं गुन्हा आहे. तुम्ही तिथवर जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण कोटावर कुणीतरी भेट दिलेली युनिटची पिन लावून हिंडणारे चॅप्लेन मी पाहिलेत. ती काढून ठेवा.

तुम्ही सैन्यात नव्हता? मग विचारल्यावर साधं सांगा, "नाही, मी सैन्यात नव्हते. म्हणून काही कळलं नाही तर विचारीन." त्यापुढे "पण माझे एक काका..." हे शेपूट जोडू नका. मी सुरुवातीला जोडायचे. एकदा एका गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "मग काकांना पाठवायचं होतंत की!"

दुसरी पायरी : कागद

हे पटकन सांगते, कारण माहिती सगळीकडे मिळते. चॅप्लेनला डॉक्टरसारखा सरकारी परवाना नसतो. त्यामुळे स्वतःला चॅप्लेन म्हणवून घेणं सोपं आहे आणि म्हणूनच कागद महत्त्वाचे. साधारण चार गोष्टी लागतात : धर्मशास्त्रातली मास्टर्स पातळीची पदवी, तुमच्या पंथाची दीक्षा किंवा तिच्या तोडीचं काही, पंथाच्या अधिकृत संस्थेचं एन्डॉर्समेंट, आणि क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई, रुग्णांना भेटत भेटत घ्यायचं प्रशिक्षण. व्हीएच्या नोकरीसाठी वर अमेरिकेचं नागरिकत्व. केंद्र सरकारच्या भरतीत चॅप्लेन पदांचा मालिका क्रमांक ००६० आहे. जाहिराती शोधताना तो टाकला की इकडचं तिकडचं गाळलं जातं.

सीपीईचं एक युनिट किमान ४०० तासांचं असतं. असोसिएशन ऑफ प्रोफेशनल चॅप्लेन्सचं बोर्ड सर्टिफिकेशन हवं असेल तर अशी चार युनिट्स, आणि वर २००० तासांचा कामाचा अनुभव. ते मिळेपर्यंत नावापुढे बीसीसी (बोर्ड सर्टिफाइड चॅप्लेन) ही अक्षरं लावायची नाहीत, "प्रक्रियेत" अशी पुस्ती जोडूनसुद्धा नाही.

एन्डॉर्समेंटला लोक शिफारसपत्र समजतात. तसं ते नाही. "या व्यक्तीला आमच्या वतीने सेवा करायला आम्ही पाठवतो" असं पंथाचं ते वचन असतं आणि पंथ ते मागेही घेऊ शकतो. मागे घेतलं तर नोकरीच धोक्यात येते. म्हणून आपल्या पंथाच्या एन्डॉर्सिंग अधिकाऱ्याशी वर्षातून दोनदा तरी बोलत राहा, काम अडलं की फोन करणारे पुष्कळ असतात.

सीपीईबद्दल एक अवांतर. या शिक्षणाची सुरुवात १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलात अँटन बॉइसन यांनी केली. हे पाळक स्वतः मनोरुग्णालयात राहून आले होते. पुस्तकांबरोबर 'जिवंत मानवी दस्तऐवज'ही वाचायला शिका, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. सीपीईत आपलाच दस्तऐवज आधी उघडला जातो. भेटीचं संभाषण शब्दन् शब्द लिहून गटापुढे ठेवावं लागतं, आणि "इथे तुम्ही घाईघाईने प्रार्थनेकडे का वळलात?" या प्रश्नावर घाम फुटतो. मला फुटला होता.

तिसरी पायरी : नाव, उपाधी आणि तो एक परिच्छेद

वेबसाइट असो, बायोडेटा असो की पोस्टच्या भिंतीवरचा कागद, तुमची एका परिच्छेदाची ओळख लागतेच. नवे लोक साधारण असं लिहितात :

"परमेश्वराच्या सामर्थ्याने आपल्या जखमी योद्ध्यांच्या आत्म्यांना आरोग्य देण्याचं पाचारण लाभलेली, आघातग्रस्तांच्या सेवेत निपुण अशी आध्यात्मिक मार्गदर्शक."

वाचायला भारदस्त आहे, पण माजी सैनिकाच्या डोळ्यांनी वाचा. "जखमी" कुणी ठरवलं? सगळेच व्हेटरन जखमी नसतात. पुष्कळ जण नोकरी करतात, नातवंडं सांभाळतात आणि आपल्याला कुणी बिचारं समजलं की भडकतात. "योद्धा" हा शब्द काहींना आवडतो, पण चार वर्षं गोदामात हिशेब ठेवलेल्या माणसाला तो टोचतो. "आरोग्य देणारी" म्हणजे तुम्ही कोण, डॉक्टर? आणि "निपुण" कशाच्या जोरावर?

आता दुसरा मसुदा :

"मी रेव्हरंड अमुक. अमुक मंडळीची दीक्षित पाळक असून तिचं एन्डॉर्समेंट माझ्याकडे आहे. सीपीईची तीन युनिट्स पूर्ण. दोन वर्षं हॉस्पिसमध्ये माजी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटते. मी स्वतः सैन्यात नव्हते. ख्रिस्ती व्हेटरन्ससाठी प्रार्थना, शास्त्रवाचन आणि प्रभुभोजन. इतर धर्मांच्या व्हेटरन्ससाठी त्यांच्या धर्मगुरूंशी गाठ घालून देणं. आणि ज्यांना धर्मातलं काहीच नको, त्यांच्याजवळ बसून ऐकणं, हे माझं काम."

यात चमक नाही, मान्य. पण प्रत्येक वाक्य तपासून पाहता येतं. कुणी फोन करून विचारलं तर एकही शब्द मागे घ्यावा लागणार नाही.

बायोडेट्यातही हाच नियम. "आध्यात्मिक आधार दिला" हे वाक्य शंभरातल्या नव्वद अर्जांत असतं. त्याऐवजी काय केलंत ते लिहा : किती खाटांचा विभाग, महिन्याला किती रात्री कॉलवर, किती अंत्यविधी, कुटुंबाच्या सभेत कोणती भूमिका. सरकारी अर्जात प्रत्येक कामाचा महिना, वर्ष आणि आठवड्याचे तास द्यावे लागतात, म्हणून ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा. मी ठेवली नव्हती. मग जुन्या कॅलेंडरांवरच्या खुणा जुळवत तीन रविवार गेले.

आपल्या नावांची अडचण वेगळीच. माझं आडनाव तिकडे कुणालाच धड उच्चारता येत नाही. मी बिल्ल्यावर पूर्ण नाव ठेवते आणि तोंडाने सांगते, "चॅप्लेन म्हणा, पुरे." नाव कापून सोपं करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी नाही केलं.

चौथी पायरी : कपडे

चॅप्लेन हा शब्दच मुळी एका कपड्यावरून आला. चौथ्या शतकातला रोमन सैनिक मार्टिन याने कडाक्याच्या थंडीत आपला झगा तलवारीने कापून अर्धा एका भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. पुढे तो तूरचा बिशप झाला. त्याचा झगा फ्रँक राजांनी जपून ठेवला. झग्याला लॅटिनमध्ये कप्पा म्हणतात, म्हणून तो सांभाळणारे ते कप्पेलानी, आणि त्यावरून चॅप्लेन. संत मार्टिनचा सण ११ नोव्हेंबरला येतो आणि अमेरिकेतला व्हेटरन्स डेही त्याच तारखेला. हा दिवस पहिलं महायुद्ध थांबल्याच्या तारखेचा आहे, मार्टिनचा नाही, तरी हे ऐकून म्हातारे सैनिक खूश होतात.

प्रत्यक्षात कपडे साधे, स्वच्छ आणि बूट न वाजणारे हवेत. सैनिकाचं लक्ष आधी बुटांवर जातं, ही थट्टा नाही. छातीवरचा क्रॉस छोटा ठेवा. ख्रिस्ती माणसाला तो दिसतो आणि बाकीच्यांच्या अंगावर धावून जात नाही. पाळकाची कॉलर घालायची का, हे पंथावर आणि माणसावर आहे. कॅथॉलिक व्हेटरनला ती पाहून धीर येतो, तर काहींना त्याच कॉलरची लहानपणापासून भीती असते. लष्करी छापाची पँट, हिरवी जॅकेटं, युनिटच्या टोप्या यांपैकी काही नको. ओळखपत्र छातीच्या उंचीवर, नाव समोर. ते कमरेला लटकवलं तर पलंगावरच्या माणसाला काय वाचायचं?

पाचवी पायरी : दारातली तीस सेकंदं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं दुरुस्त करता येतं, हे नाही.

दार उघडं असलं तरी ठोठावा आणि थांबा. आत जाण्याआधी नर्सला विचारलेलं असू द्या की आता जाणं ठीक आहे ना. माणूस झोपलेला असेल तर खांद्याला हात लावून कधीही उठवू नका. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, जिथून तो तुम्हाला पाहू शकेल अशा जागेवरून हळू नाव घ्या. युद्धात राहून आलेला माणूस स्पर्शाने दचकून जागा झाला तर त्याचा हात आधी उठतो आणि मग तो बिचारा तासभर माफी मागत बसतो. खुर्ची ओढताना तो आणि दार यांच्यामध्ये बसू नका. बाहेर जायची वाट त्याला दिसत राहिली पाहिजे.

मग वाक्य. माझं आता असं आहे :

"मिस्टर अमुक? मी या मजल्याची चॅप्लेन. कुणी मुद्दाम पाठवलेलं नाही, मी इथल्या सगळ्यांनाच भेटते. आता दोन मिनिटं बसू, की नंतर कधी येऊ, की नकोच?"

यातला प्रत्येक तुकडा कुठल्या तरी चुकीतून आला आहे. "मुद्दाम पाठवलेलं नाही" हे गुडघेवाल्या आजोबांमुळे. "सगळ्यांनाच" म्हटल्याने आपली काही खास नोंद झाली नाही, हे कळतं. "की नकोच" हा तिसरा पर्याय बोलून दाखवायला मला वर्ष लागलं. तो म्हटल्यावर फार थोडे लोक तो निवडतात. निवडला तर "बरं, काळजी घ्या" म्हणून बाहेर पडायचं, चेहरा पाडायचा नाही आणि दारात उभं राहून "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन हं" असा टोलाही हाणायचा नाही.

खोलीत एक स्त्री आणि एक पुरुष असतील तर रुग्ण कोण हे आधी यादीवर पाहा. स्त्री व्हेटरन्सची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते, सगळे तिच्या नवऱ्याशी हस्तांदोलन करतात आणि त्याचे आभार मानतात. नौदलात वीस वर्षं काढलेली असतात तिने!

शब्दांचं भान ठेवा. "सोल्जर" म्हणजे फक्त आर्मीचा. मरीन कोअर या वेगळ्या दलातल्या मरीनला सोल्जर म्हटलं की तो दुरुस्त करतोच, निवृत्त होऊन पन्नास वर्षं झाली तरी. नौदलाचा सेलर, हवाई दलाचा एअरमन, २०१९ मध्ये स्थापन झालेल्या स्पेस फोर्सचे गार्डियन. ठाऊक नसेल तर "कोणत्या दलात होतात?" हा प्रश्न कायम चालतो. मरीन्सना स्वतःचे चॅप्लेन नसतात, नौदलाचेच चॅप्लेन त्यांच्यासोबत जातात. हे माहीत असलं तर एखादा मरीन "आमचा तो नेव्हीवाला पाद्री" म्हणाला की तुम्ही गोंधळणार नाही. "सर" अधिकाऱ्याला म्हणतात आणि सार्जंट अधिकारी नसतो, त्याला "सर" म्हटलंत तर बहुधा उत्तर येईल, "सर नका म्हणू, मी कष्ट करून पोट भरायचो." ही जुनी थट्टा आहे, हसा.

"तुमच्या सेवेबद्दल आभार" हे वाक्य अमेरिकेत किराणा दुकानातही ऐकू येतं. वाईट नाही, पण व्हिएतनामहून परतलेल्या अनेकांना त्याहून "वेलकम होम" हे दोन शब्द जास्त पोहोचतात, कारण तेव्हा ते कुणी म्हटलेच नव्हते. मेच्या शेवटच्या सोमवारी येणारा मेमोरियल डे हा गेलेल्यांचा दिवस आहे. त्या दिवशी व्हेटरनला "हॅपी" काहीही म्हणू नका. आणि "तुम्ही कुणाला मारलंत का?" हा प्रश्न चॅप्लेन विचारील असं मला वाटलं नव्हतं. एकाने विचारलेला मी ऐकलाय.

सहावी पायरी : ख्रिस्ती आहात, ते लपवू नका आणि लादूही नका

सर्वधर्मीय कामात उतरलेले काही ख्रिस्ती चॅप्लेन इतके गुळगुळीत होतात की ते कोण आहेत हेच कळत नाही. दुसरे असे की पहिल्याच भेटीत धर्मप्रसाराची पत्रकं काढतात. व्हीएमध्ये धर्मप्रसाराला मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मी हेच सांगितलं असतं. सलाइन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे प्रवचन करणं याला शुभवर्तमान सांगणं म्हणत नाहीत.

विचारलं तर स्पष्ट सांगा, "मी ख्रिस्ती आहे, अमुक पंथाची." मला तर हटकून विचारतात. माझा रंग आणि नाव पाहून पुष्कळांना वाटतं, ही हिंदू असणार. एक आजोबा म्हणाले, "तुम्हाला मिशनऱ्यांनी बाटवलं काय?" मी म्हटलं, "आमच्या घरात पाच पिढ्या झाल्या, आजोबा. तुमच्याकडे किती?" ते मोजायला लागले आणि तासभर त्यांच्या आजीच्या चर्चच्याच गोष्टी निघाल्या.

ख्रिस्ती व्हेटरनजवळ येशूच्या नावाने प्रार्थना करा, २३ वं स्तोत्र वाचा, यात संकोच कसला? आधी विचारा मात्र, "प्रार्थना करू का? कशासाठी करू?" दुसरा प्रश्न विसरू नका. मी बरं होण्यासाठी करायला निघाले होते आणि त्यांना हवी होती ती संबंध तुटलेल्या मुलासाठी. प्रोटेस्टंट असाल तर कॅथॉलिक माणसाने आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार मागितल्यावर "मीही करू शकते" म्हणू नका. तो संस्कार कॅथॉलिक धर्मगुरूच देऊ शकतो. फोन उचला, फादरना बोलवा. ज्यू व्हेटरनसाठी रब्बी, मुस्लिम व्हेटरनसाठी इमाम. लष्करी चॅप्लेनची जुनी शिस्त हीच आहे : स्वतःला करता येत असेल ते करा, येत नसेल त्याची सोय लावून द्या. आपल्या पंथाविरुद्ध काही करायची सक्ती तुमच्यावर नसते. आणि ज्याला देवच नको, त्याच्याशी बेसबॉलवर बोला. तीही भेटच.

अमेरिकन लीजनच्या पोस्टमध्ये गेलात तर फेब्रुवारीच्या सुमारास 'चार चॅप्लेन' हे नाव ऐकाल. ३ फेब्रुवारी १९४३ ला डॉर्चेस्टर हे जहाज ग्रीनलंडजवळ टॉर्पेडो लागून बुडालं. त्यावर मेथॉडिस्ट जॉर्ज फॉक्स, रब्बी अलेक्झांडर गूड, रिफॉर्म्ड चर्चचे क्लार्क पोलिंग आणि कॅथॉलिक फादर जॉन वॉशिंग्टन होते. चौघांनी आपापली लाइफ जॅकेटं दुसऱ्यांना दिली. देताना धर्म विचारला नाही. जुन्या व्हेटरन्सच्या मनातला चॅप्लेन या मापाचा असतो, हे ठाऊक असलेलं बरं.

सातवी पायरी : अवघड बोलणं निघालं तर आपली हद्द

पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक विकार, हे निदान १९८० मध्ये मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं. चॅप्लेनकडे बहुधा त्याच्या शेजारची गोष्ट येते. तिला आता 'मॉरल इन्ज्युरी' म्हणतात. बॉस्टनमध्ये व्हिएतनाम व्हेटरन्सवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी तिची नीट व्याख्या केली. भीतीने नव्हे तर आपल्याच हातून घडलेल्या, आपण पाहत राहिलेल्या किंवा वरिष्ठांनी करायला लावलेल्या गोष्टीने आत बसलेली जखम. तिची भाषा लाज आणि अपराध यांची असते, म्हणून ती पाद्र्याजवळ उघडते.

एका दुपारी एक गृहस्थ खिडकीकडे पाहत म्हणाले, "मी तिथे काय केलं ते सांगितलं तर तुम्ही उठून जाल." मी पर्स पलंगाखाली सरकवली आणि खुर्ची जरा पुढे घेतली. बोलले काहीच नाही. अकरा मिनिटं गेली, भिंतीवर घड्याळ होतं. मग ते बोलले. काय बोलले ते इथे येणार नाही.

अशा वेळी "देवाने तुम्हाला केव्हाच माफ केलंय" हे वाक्य जिभेवर येतं. गिळा. ते खरं आहे अशी माझी श्रद्धा आहे, पण ऐकणाऱ्याला ते झाकण लावल्यासारखं वाटतं. अजून त्याने सगळं सांगितलेलंही नसतं. स्तोत्रसंहितेतली तक्रारीची स्तोत्रं, ईयोबाचं देवाशी भांडण, हे सगळं आपल्याच शास्त्रात आहे. माफीच्या आधी तेही वाचता येतं.

ओळख करून देतानाच दोन हद्दी सांगा. एक, तुम्ही थेरपिस्ट नाही, पण थेरपिस्टपर्यंत सोबत चालत याल. दुसरी, गुप्ततेची. धर्मगुरूजवळची कबुली आणि उपचार करणाऱ्या टीममधली माहिती यांचे नियम वेगळे असतात, आणि ते संस्थेप्रमाणे, राज्याप्रमाणे बदलतात. कामाच्या पहिल्या दिवशीच ते लेखी मागून घ्या. नंतर "हे कुणाला सांगू नका हं" असं कुणी म्हणालं की हो म्हणण्याआधी आपल्याला काय वचन देता येतं, हे पाठ हवं.

जिवाचं बरंवाईट करण्याची शंका आली तर आडून विचारू नका. "तुम्ही आत्महत्येचा विचार करताय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने विचार पेरला जात नाही. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं न सोडता टीमला बोलवा. घरी असलेल्या व्हेटरनसाठी क्रायसिस लाइन आहे : ९८८ फिरवायचा आणि मग १ दाबायचा. माझ्या कार्डाच्या मागे एवढंच छापलंय, स्तोत्र नाही.

आठवी : टीमपुढे तुमची ओळख म्हणजे तुमची नोंद

डॉक्टर तुम्हाला प्रार्थनेवरून ओळखत नाहीत, चार्टमधल्या चार ओळींवरून ओळखतात. "छान भेट झाली, प्रार्थना केली" ही नोंद कुणी वाचत नाही. "पत्नीच्या निधनानंतर चर्चला जाणं बंद. शस्त्रक्रियेआधी भूल देण्याची भीती सांगितली, कारण जुन्या जखमेच्या वेळी अर्धवट जाग आली होती. भूलतज्ज्ञांशी बोलायची इच्छा आहे, निरोप दिला." ही नोंद वाचून भूलतज्ज्ञ स्वतः खोलीत गेले. त्यांनी त्यानंतर मला नावाने हाक मारायला सुरुवात केली.

कबुलीतला तपशील चार्टमध्ये जात नाही. आणि लिहिताना लक्षात असू द्या की व्हेटरन स्वतःच्या नोंदी ऑनलाइन वाचू शकतो. त्याच्या तोंडावर जे म्हणणार नाही ते लिहू नका.

नववी : दफनविधी, आणि फोटो

लष्करी सन्मानाचा भाग सैन्याची तुकडी करते. बिगूलवर 'टॅप्स' वाजतं, ध्वजाची तिकोनी घडी होते, ती घरच्यांच्या हाती जाते. त्या वेळी चॅप्लेनने बोलायचं नसतं, हलायचंही नसतं. आपली प्रार्थना आधी की नंतर, हे तुकडीच्या प्रमुखाला तासभर आधी विचारा. मृताचा हुद्दा आणि दल सेवामुक्तीच्या कागदावरून, म्हणजे डीडी-२१४ वरून, लिहून घ्या, नातेवाइकांच्या आठवणीवरून नाही. आर्मीच्या माणसाला मरीन म्हटलेलं त्या घरात वीस वर्षं सांगतील.

फोटोंबद्दल एकच. पलंगावरच्या व्हेटरनचा हात आपल्या हातात घेतलेला फोटो, खाली वचन, असं टाकणारे पुष्कळ आहेत. परवानगी असली तरी टाकू नका. तुम्हाला ती देताना त्याला "नाही" म्हणायची कितीशी सोय होती?

राहता राहिलं कार्ड. माणूस खोलीत नसेल तर मी ते उशीवर न ठेवता टेबलावर ठेवते आणि मागे हाताने लिहिते, "येऊन गेले. तुम्ही एक्स-रेला होता. गुरुवारी दुपारी येईन. नको असेल तर नर्सला सांगा." वार लिहिला तर त्या वारी जायचंच, पाऊस असो की बर्फ. एकदा असंच गुरुवारी गेले तर तेच कार्ड दारावर चिकटपट्टीने लावलेलं होतं. माझ्या अक्षरांखाली जाड पेनने लिहिलं होतं, "या. पण गाणं नको."